औषध घेतलं होतं, पण ते औषध नव्हे

३ फेब्रुवारी. तुरीला तेल-पाण्याचा हात लावून गच्चीवर वाळत घातली आहे. डाळ करायची तर तूर खडखडीत वाळली पाहिजे, आणि ती वाळेपर्यंत कबुतरं हाकलायला कुणीतरी पाहिजे. घरात सध्या कुणीतरी म्हणजे मीच. खाली अंगणात आमचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ निम्मी झरी, म्हणजे आमचं निम्मं गाव, तिथं कॅन घेऊन उभी असते. दवाखान्यातून आल्यापासून त्या वेळेला मी खाली जात नाही. गच्ची बरी. इथून माणसं दिसत नाहीत, नुसते कॅनच्या झाकणांचे आवाज येतात.

रिकामं बसणं मला जमत नाही, म्हणून लिहायला घेतलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुम्हाला झालं ते आणखी बायकांना होत असणार, त्यांना कळलं पाहिजे. मी मान हलवली होती. मनात म्हटलं होतं, ही गोष्ट माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. पण माझी सून शीतल पालमला माहेरी जाऊन बसली आहे, आणि ती का बसली याबद्दल गावात जे चाललंय ते खोटं आहे. खरं सांगायला गेलं की माझं हसं होतं. निदान कागदावर तरी नीट मांडून बघते.

शिबिर

मी बावन्न वर्षांची, बारावी शिकलेली. आजारी पडणाऱ्या बायकांचा मला राग यायचा. केंद्रावर कुणी 'काकू, डोकं दुखायलंय' म्हटलं की 'काम काढा, थांबतंय' असं सांगणारी मी.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीत तपासणी शिबिर झालं. बायकांची रांग लावायचं काम अर्थातच माझ्याकडं. शेवटी नर्स म्हणाली, "काकू, बसा, तुमचंबी बघू." तिनं दंडाला पट्टा बांधून फुगवला, सोडला. परत फुगवला, परत सोडला. मग डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून बीपी आहे?"

"मला न्हाई बीपी," मी म्हटलं.

मागं बायका उभ्या होत्या, त्यातली एक फिसकन हसली. मी ज्यांना रांगेत नीट उभं राहायला दटावत होते, त्यांच्यासमोर मला खुर्चीवर बसवून ठेवलं, पाणी प्यायला दिलं. बीपी बसून खाणाऱ्या माणसाला होतं, भांडखोर माणसाला होतं, असं माझं मत होतं. आता लोक दोन्हीतलं कोणतं मला लावतील, एवढाच विचार त्या वेळी डोक्यात आला. घाबरले वगैरे नाही. लाज वाटली.

परभणीच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. रोज सकाळी, न चुकता. चहानंतर देवासमोर दिवा लावते तशी मी गोळी घ्यायला लागले. गल्लीत कुणाला सांगितलं नाही. पाकीट मसाल्याच्या फळीवर डब्यांच्या मागं ठेवलं.

खोकला

काही आठवड्यांनी खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही. घशात ज्वारीचं कुसळ अडकल्यासारखं वाटायचं, आणि ते निघतच नव्हतं. बोलायला तोंड उघडलं की खोकला. रात्री आडवं झालं की खोकला. गोळीचा आणि खोकल्याचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. गोळी बीपीची, खोकला घशाचा.

दुधाच्या धंद्यात खोकणारी बाई कुणाला चालत नाही. मी माप घेऊन उभी राहिले की लोक कॅनचं झाकण घाईनं लावायचे. एकानं सरळ सांगितलं, "काकू, थुंकी तपासून घ्या. न्हाई म्हणजे, आपलं म्हणायलो." तपासून घेतली. काही निघालं नाही. तो अहवाल मी मुद्दाम केंद्रावर मोठ्यानं वाचला, आणि वाचता वाचता खोकले.

शेजारच्या कौसाबाईंनी उपाय दिला. "ज्येष्ठमधाची काडी धरा गालात. आमच्या कीर्तनकार मेहुण्याचा गळा त्याच्यावरच टिकून हाय."

खरंच आराम पडला. गोड रस उतरला की घसा ओला व्हायचा, घटकाभर खोकला थांबायचा. मग एका काडीवर भागेना. पहाटे धार काढायला गेले की गालात काडी, दुपारी मधातून पूड, संध्याकाळी काढा, निजताना परत काडी. तंबाखू खाणाऱ्याच्या कमरेला चंची असते तशी माझ्या कमरेला ज्येष्ठमधाची पिशवी आली. कुणी विचारलं तर अभिमानानं सांगायचे, मी काही गोळ्या-बिळ्या खात नाही, घरचं खाते.

मधल्या काळात पाय सुजायला लागले, डोकं जड राहायला लागलं. परभणीला गेले. डॉक्टरांनी बीपी बघितलं, ते पहिल्यापेक्षा जास्त.

"गोळी घेताय ना?"

"रोज घेते."

"मीठ?"

"कमी केलंय."

"दुसरं काही औषध चालू आहे का?"

"न्हाई," मी म्हटलं, आणि खरं तेच सांगितलं. ज्येष्ठमधाची काडी त्या वेळीही गालात होती. खोकल्याचंही बोलले नाही. बीपीच्या डॉक्टरांना खोकला काय सांगायचा? त्यांनी आणखी एक गोळी वाढवली, लघवी साफ करणारी. सूज उतरेल म्हणाले. सूज उतरली. पण मांड्या भरून यायला लागल्या, रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मी म्हटलं, वय झालं.

मापटं

शीतल आमच्या घरी आल्याला तीन वर्षं झाली. दुधाचं फॅट मोजायचं मशीन ती बघते. तिचा हात नेमका आणि बोलणं कमी. मला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या सकाळी, रांग असतानाच ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, थोडे दिवस तुमी केंद्रावर नका येऊ. लोकं खालच्या गल्लीतल्या दुसऱ्या केंद्रावर दूध घालायलेत. खोकला थांबू द्या, मग या."

तिनं हळू सांगितलं. मी हळू ऐकलं नाही.

"माझं केंद्र हाय. मी चालू केलंय. तू मला उठवणार का?"

माझ्या हातातलं मापटं तिनं काढून घेतलं आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "आणा काका." बस्स एवढंच. रांगेतल्या सगळ्यांनी ते बघितलं. मी आत गेले आणि त्या रात्री जेवले नाही. न जेवणं हे आमच्या घरात भांडणच असतं. गल्लीलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला, दोन्ही गोळ्या घेतल्या, आणि चुलीपुढून उठायला गेले तर उठताच येईना. पाय आहेत, दिसताहेत, पण माझे नाहीत असं वाटत होतं. भिंतीला धरायला हात वर केला तर तो अर्ध्यातून खाली पडला. छातीत धडधड व्हायला लागली, मग उलटी झाली. मुलगा महेश आणि आमचे मालक यांनी मला उचलून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं आणि परभणीला नेलं.

'घेतलं की, सकाळीच'

आमच्याकडं फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. 'अमक्यानं औषध घेतलं' असं कुणी म्हटलं की काय झालं ते शेंबड्या पोरालाही कळतं. शहरातल्या वाचकाला हे सांगावं लागेल म्हणून आधीच सांगते.

महेश गाडी लावायला गेला होता. माझ्याजवळ मालक. त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं आणि दवाखान्यात शिरलं की दुसऱ्यानंही. तिथं तातडीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता, त्याच्यासमोर तीन खाटा भरलेल्या.

"काय झालं?"

"पाय गेले तिचे. उलटी झाली."

"औषध घेतलं का?"

"घेतलं की. सकाळीच घेतलं, चहा झाल्यावर."

"कुठलं औषध?"

"नाव न्हाई ध्यानात. घरी राहिलं."

"किती?"

"दोन."

"दोन झाकणं?"

"हाव, दोन," मालक म्हणाले. ते 'दोन'च ऐकत होते.

"घरात काही भांडण झालं होतं का?"

मालक सरळ माणूस. "काल सुनंचं आन तिचं जरा झालं होतं केंद्रावर. रातच्याला जेवली न्हाई."

मी खाटेवरून 'न्हाई, न्हाई' म्हणत होते. जीभ जड झाली होती, शब्द फुटत नव्हते. तिथली मावशी माझं डोकं धरून म्हणाली, "सगळेच न्हाई म्हणतात बाई. तोंड उघडा."

नाकातून नळी घातली. पोट धुतलं. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांना झालंय त्यांना माहीत आहे, ज्यांना झालं नाही त्यांना नको. पडदा नव्हता. लुगडं छातीपर्यंत भिजलं होतं, केस सुटले होते, आणि दारात आमच्या गावचा एक माणूस उभा होता. त्याच्या मुलीला बाळंतपणाला आणलं होतं. रोज सकाळी सहा लिटर दूध घालतो. त्याची माझी नजरानजर झाली, तशी त्यानं बघायचं नाही म्हणून मान फिरवली. इतकं वाईट कुणी शिवी दिली असती तरी वाटलं नसतं. माझ्या आधी तो बातमी घेऊन झरीला पोचला.

सकाळपासून सांगा

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझे डोळे बघितले, तोंडाचा वास घेतला, छातीचा ईसीजीचा कागद काढला होता तो बघितला, आणि तरुण डॉक्टरला विचारलं, "पोटातून काय निघालं?"

"चहा."

"मग?"

त्यानं माझं रक्त काढलं. रक्त तपासायला गेलं. अंगातला पोटॅशियम नावाचा क्षार फार उतरला होता. हातपाय आणि हृदय त्याच्यावर चालतं. सलाईनमधून तो भरायला सुरुवात झाली. हात कोपरापर्यंत आगीसारखा जळतो त्यानं. वरून एक पातळ औषध प्यायला, ते तर तोंडात धरवत नव्हतं. शीतल तेवढ्यात गावाहून आली होती. ती एका हातानं ते पाजायची आणि दुसऱ्या हातात खडीसाखर तयार ठेवायची.

बोलायला यायला लागल्यावर बाई खुर्ची ओढून बसल्या. "काकू, गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध घेता?"

"न्हाई."

त्यांनी जरा विचार केला. "बरं. औषध सोडा. सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा. पाणीसुद्धा सांगा."

मी सांगत गेले. पाणी, ज्येष्ठमध, चहा, गोळ्या, ज्येष्ठमध, भाकर-भाजी, ज्येष्ठमधाची पूड, जेवण, काडी, काढा. बाईंनी पेन खाली ठेवलं. "ज्येष्ठमध किती?"

"किती म्हणजे? गालातच असतो."

शीतल मागं उभी होती. ती नको त्या वेळी हसली. तोंडावर पदर धरून हसली, पण मला ऐकू आलं.

बाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत लिहिते. मूत्रपिंडं आणि त्यांच्या डोक्यावर बसलेल्या दोन ग्रंथी मिळून रक्तदाब सांभाळतात. अंगात मीठ-पाणी किती धरायचं, नसा किती आवळायच्या, याचा हुकूम हार्मोन देतात. माझी पहिली गोळी तो हुकूम अडवते, म्हणून दाब उतरतो. ज्येष्ठमधात असं काही असतं की अंगाला वाटतं तोच हुकूम पुन्हा सुटला. मीठ-पाणी धरलं जातं, पोटॅशियम बाहेर टाकलं जातं, दाब चढतो.

"म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "गोळीनं एक मोटार बंद केली, आणि तुम्ही दिवसभर दुसरी चालू ठेवली. वर लघवीची गोळी मिळाली, ती पोटॅशियम आणखी काढत होती."

"पण खोकल्यासाठी खात होते मी."

"खोकला त्या पहिल्या गोळीचाच. काहींना होतो. सांगितलं असतं तर गोळी बदलून मिळाली असती. तेच काम करणारी दुसरी असते, तिनं सहसा खोकला येत नाही."

मी मनात सगळं जुळवून बघितलं. गोळीनं खोकला, खोकल्यासाठी ज्येष्ठमध, ज्येष्ठमधानं दाब, दाबासाठी आणखी गोळी. दावं खुंट्याला गुंडाळत गुंडाळत म्हैस शेवटी मान वाकवून उभी राहते, तशी मी स्वतःभोवती फिरत होते. ह्यात दुष्ट कुणी नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, मी सांगितलं नव्हतं. कुणावर चिडावं तर कुणीच नाही.

तक्रार नाही

विषाचं प्रकरण म्हणून पहिल्या क्षणालाच दवाखान्यानं पोलिसांना कळवलं होतं. हवालदार आले. चांगला माणूस होता, टोपी काढून बसला.

"बाई, कुणावर तक्रार हाय का?"

"न्हाई."

"सुनेवर?"

"न्हाई. कुणावरच न्हाई."

मी विष घेतलंच नाही, असं मी म्हटलं. "बरं, बरं," तो म्हणाला. नळीनं घसा सोलला होता, एक वाक्य बोलायला डोळ्यांत पाणी येत होतं, आणि भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली होती. खाटेशी पोलीस दिसू नये एवढंच मला वाटत होतं. त्यानं लिहिलं, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. मी सही केली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या कागदांवर खरं कारण लिहिलं. पण कागद गावात फिरत नाहीत.

गावात फिरलं ते असं: काकूनं सुनेला वाचवलं. पोलिसांपुढं नावसुद्धा घेतलं नाही. किती मोठं मन!

हे कळलं तेव्हा मला जी लाज वाटली ती आधीच्या सगळ्या लाजांच्या वरची होती. बदनामी झाली असती तर मी भांडले असते. इथं माझं कौतुक चाललं होतं, आणि त्या कौतुकाचा एकेक शब्द शीतलच्या अंगावर पडत होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला बघून आपल्या बहिणीला विचारलं, "हीच का ती?" शीतल माझे पाय पुसत होती. हात थांबला नाही तिचा. पण दुसऱ्या दिवसापासून ती डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून यायला लागली.

तिचे वडील पालमहून आले. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, मोजकं बोलणारे आहेत. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "विहीणबाई, माझ्या लेकीचं काय चुकलं?"

"काहीच न्हाई."

"मग लोकं असं का म्हणायलेत? मला स्टँडवर अडवून विचारायलेत."

घसा फाटला होता. आता एकच शब्द निघाला. "ज्येष्ठमध."

ते शीतलकडं वळले. "दे गं, त्यांना ज्येष्ठमध पाहिजे."

मला सुट्टी मिळाली त्या दिवशी ते लेकीला घेऊन गेले.

घरी

बघायला येणारी माणसं चांगली असतात हे मला मान्य आहे. पण प्रत्येक जण दारातच चप्पल काढता काढता हळू आवाज करायचा. "असं करू नये काकू. लेकरांकडं बघावं." मी म्हणायचे, मी काही घेतलं नाही. ते माझा हात थोपटायचे. "बरं, न्हाई घेतलं. आता इचार करू नका." नाकारलं की माणूस झाकतोय, कबूल केलं तर खरंच झालं. तिसरा रस्ताच नाही.

कौसाबाईंना मी सगळं बैजवार सांगितलं. मोटारीसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि उठल्या. "ज्येष्ठमधानं कुठं असं होतंय का? मीच दिला होता की तुमाला. उद्या म्हणाल कौसानं घातलं विष." मला कळलं, ह्यांना मी औषध घेतलेलंच सोयीचं आहे. मग मी सांगायचं बंद केलं.

महेश पालमला जाऊन आला. सासरे त्याला म्हणाले, "तुझ्यावर राग न्हाई. पण तुझ्या आईनं यावं आन तिच्या तोंडानं सांगावं." मी महेशला म्हटलं, पायात अजून जोर नाही.

आज सकाळी पोतंभर तूर दोन खेपांत मी एकटीनं गच्चीवर आणली.

हे वाक्य लिहून बराच वेळ थांबले होते. कबुतरांनी एक कोपरा साफ केला.

ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांच्यासाठी तेवढं लिहून ठेवते. गोळी सुरू झाल्यावर कोरडा खोकला लागला तर त्याच डॉक्टरांना सांगा. मनानं गोळी बंद करू नका. ज्येष्ठमध विष नाही, पण बीपीवाल्यांनी दिवसभर गालात धरायची वस्तू नाही. डॉक्टरांनी 'औषध' विचारलं तर काढा, पूड, काडी, सगळं सांगा. गोळ्यांचं पाकीट पिशवीत ठेवा, म्हणजे नवऱ्याला नाव आठवावं लागणार नाही. मला आता दुसरी गोळी आहे, खोकला गेला, बीपी ताब्यात आहे. एवढं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी

काल एवढं लिहून खाली आले. आज पहाटेच उठून आंघोळ केली, बाहेर जायचं लुगडं नेसले. पहिल्या गाडीनं पालमला जायचं ठरवलं होतं. मागच्या दारानं निघावं, असं मनात होतं. चप्पल पुढच्या दारात होती.

पुढं रांग होती. महेश मशीनवर, मालक मापावर. मी पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, "जरा ऐका."

"काकू, तुमी कशाला उठलात," कुणीतरी म्हणालं.

"मी औषध घेतलेलं न्हाई. बीपीच्या गोळ्या घेतल्या होत्या. मला बीपी हाय. गोळीनं खोकला लागला, खोकल्याला मी दिवसभर ज्येष्ठमध चघळला, त्यानं पाय गेले. पोट धुतलं तर चहा निघाला."

मागून कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले.

"हसा. हसण्यासारखंच हाय. मालकांना डॉक्टरनं इचारलं औषध घेतलं का, ते म्हणले हाव, दोन."

"मी गोळ्या म्हणलो!" मालक मापावरून ओरडले. आता सगळी रांगच हसली.

सहा लिटरवाला पुढं आला. "मग नळी घातली ती?"

"फुकट घातली. तू बघितलंस, आन गावभर सांगितलंस. आता हेबी सांग." मी रांगेकडं वळले. "आन शीतलनं मला केंद्रावरून उठवलं ते बरोबर केलं. मी तुमच्या दुधावर खोकत होते. तुमी मला तोंडावर बोलला न्हाईत, तिनं सांगितलं. तिच्याबद्दल ज्याला काही म्हणायचंय त्यानं आत्ता माझ्यापुढं म्हणावं."

एक म्हातारबा होते रांगेत. ते म्हणाले, "ज्येष्ठमधाचं काय मला पटंना बघा."

"नका पटू देऊ. बीपी तपासून घ्या," मी म्हटलं आणि स्टँडकडं निघाले.

परभणीला गाडी बदलली, गंगाखेडला पुन्हा बदलली. पालमला दुकान उघडंच होतं. व्याही गिऱ्हाईकाला पातेलं दाखवत होते. त्यांनी गिऱ्हाईकाला बसवून ठेवलं आणि मला आत नेलं. मी चहा आधी घेतला नाही. शीतल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. केंद्रावर जे बोलले तेच पुन्हा बोलले, आणि केंद्रावर बोलून आले हेही सांगितलं. पोलिसांपुढं 'तक्रार नाही' म्हणून सही केली तेव्हा आधी 'मी काही घेतलं नाही' हे लिहून घ्यायला लावायचं होतं, ते लावलं नाही, घाई केली, हेही सांगितलं.

शीतल म्हणाली, "रांगेपुढं बोललात?"

"हाव."

"सगळ्यांपुढं?"

"निम्मी झरी होती."

ती चौकट सोडून पुढं आली. मग म्हणाली, "मी येते. पण आत्या, केंद्राचं मी बघणार. रांग असताना तुमी मधी बोलायचं न्हाई. सांगायचं ते आत येऊन सांगायचं."

मला लगेच हो म्हणता आलं नाही. ते केंद्र मी एका कॅनवर सुरू केलं आहे.

"कबूल," मी म्हटलं.

तिनं आत जाऊन कपडे भरले. व्याह्यांनी मग चहा आणला, तो घेतला. निघताना ती पिशवी उचलायला वाकली, तर मी आधीच उचलली. "आत्या, द्या इकडं, लोकं बघायलेत," ती म्हणाली. भांड्यांच्या दुकानापासून स्टँडपर्यंत रस्ता सरळ आहे आणि दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. लोक बघतच होते. पिशवी चांगलीच जड होती. स्टँडपर्यंत मीच नेली.